लाखोळीचे विष आणि मजुरीचे माप



ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीच्या किंवा वैनगंगेपलीकडच्या आरमोरी-कुरखेड्याच्या शिवारात धानाच्या बांध्या अजून उभ्या असतात. लोंब्या पिवळ्या पडलेल्या, बांधीतले पाणी ओसरलेले, पण चिखल ओला. त्या उभ्या धानातच शेतकरी लाखोळीचे बी फेकून देतो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, दुसऱ्या पाण्याची अपेक्षाही नाही. दोन-तीन आठवड्यांनी धान कापले जाते तेव्हा धसकटांच्या मधून लाखोळीची रोपे वर आलेली असतात. जानेवारीत त्यांना निळी फुले येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुऱ्हाडीच्या पात्यासारखे चपटे, कोनदार दाणे घरात येतात. या पद्धतीला झाडीपट्टीत आणि छत्तीसगडात उतेरा म्हणतात. कन्हार-मोरांड जमिनीतील ओलाव्याचा शेवटचा थेंबही वाया जाऊ न देणारी ही शेती आहे, आणि ती करणाऱ्याजवळ वाया घालवण्याजोगे दुसरे काही नसते.

लाख, लाखोळी, लाखोरी, छत्तीसगडात तिवडा, उत्तरेत खेसारी, अशी या डाळीची अनेक नावे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम तूरडाळीत 22.3 ग्रॅम प्रथिने असतात, तर लाखेत 28.2 ग्रॅम. पाऊस फिरला, हरभरा वाळला, तूर करपली, तरी लाख येते. जनावर तिचा भुसा खाते, माणूस कोवळ्या पाल्याची भाजी करतो आणि दाण्याची डाळ. मालगुजारी 1951 साली गेली. तिच्याबरोबर कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांचा कर्ताही गेला. तलाव सरकारजमा झाले आणि बरेचसे गाळाने भरत गेले. पाण्याविना येणारे दुसरे पीक मग या भागाची आवड उरली नाही, ती त्याची गरज झाली.

या दाण्यात विष आहे, आणि ही अफवा नव्हे. 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, आडिगा आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून दाखविले. ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे अमिनो आम्ल मज्जारज्जूतील, पायांची हालचाल सांभाळणाऱ्या पेशींवर आघात करते. दोन-तीन महिने लाख हेच मुख्य अन्न झाले की पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, पाय जड होतात, टाचा टेकेनाशा होतात आणि चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. या रोगाच्या पायऱ्या काठ्यांनी मोजल्या जातात, याहून बोलके दुसरे काय असेल? पहिल्या पायरीवर काठी लागत नाही, दुसरीवर एक लागते, तिसरीवर दोन, आणि शेवटच्या पायरीवर माणूस ढुंगणावर बसून हातांनी सरकत जातो. हात शाबूत असतात, बुद्धी शाबूत असते, आयुष्यही फारसे कमी होत नाही. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. यावर औषध नाही. रोगी बहुधा तरुण पुरुष असतो, म्हणजे घरातला कमावता हात.

या रोगाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तो जिथे जिथे आला, तिथे त्याच्या आधी दुसरे काहीतरी येऊन गेलेले असते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने 1671 साली लाखेच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. तेथे गरीब माणूस गव्हात हे पीठ मिसळून पोट भरत होता. माद्रिदमध्ये 1811-12 च्या दुष्काळात लोकांनी लाखेची पेज पिऊन दिवस काढले आणि गोया या चित्रकाराने त्यांचे चित्र कोरून ठेवले; त्यात एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली आहे. आपल्याकडे सागर प्रांतात 1829 पासून लागोपाठ गव्हाचे पीक बुडाले आणि तिवडा तेवढा उरला. चार-पाच वर्षांत तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागल्याचे ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतर 1941 ते 1943 मध्ये ही साथ आली. इथिओपियात 1976-77 मध्ये आणि पुन्हा 1995 नंतर आली.

सर्वांत भीषण उदाहरण युक्रेनमधील वापनियार्का येथील छळछावणीचे आहे. 1942 च्या अखेरीस तेथील ज्यू कैद्यांना रोज 400 ग्रॅम लाखोळी मिठाच्या पाण्यात शिजवून दिली जाऊ लागली. हे धान्य घोड्यांसाठी आणलेले होते. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्याच छावणीत कैदी असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, कैद्यांनी ते अन्न नाकारले, आणि तेव्हा कुठे ते बंद झाले. या एका उदाहरणाने दोन भ्रम एकदमच दूर व्हावेत. लाख निर्धोक आहे असे म्हणणाऱ्यांचा एक, आणि लाख खाणारा मनुष्य अज्ञानाने ती खातो असे म्हणणाऱ्यांचा दुसरा. वापनियार्काच्या कैद्यांत शिकलेली माणसे पुष्कळ होती. त्यांच्यापुढे ताट एकच होते.

आपल्या देशात हेच एक ताट मजुरीच्या रूपाने आले. मध्य प्रदेशातील रेवा आणि सतना हे जिल्हे या रोगासाठी कुप्रसिद्ध झाले. तेथे जमीनदार गहू आणि हरभरा बाजारात नेत आणि बांधलेल्या मजुराला त्याच्या कामाचे दाम लाखेत किंवा लाख मिसळलेल्या धान्यात मोजून देत. बाजारात जिला सर्वांत कमी भाव, तीच मजुरी म्हणून देण्यास सर्वांत स्वस्त, इतका हा हिशेब सरळ होता. जमीनदाराच्या घरी तीच लाख क्वचित, तोंडीलावणे म्हणून शिजत असे. एकाच शेतातले एकच पीक. मालकाचे पाय चालत राहिले आणि मजुराचे गेले. विष दाण्यात होते हे खरे, पण रोग दाण्याच्या प्रमाणात होता, आणि ते प्रमाण ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्याकडे नव्हता.

प्रमाण म्हणजे काय, याचे साधे गणित मांडता येते. देशी लाखेत शेकडा अर्धा भाग ओडॅप आहे असे धरू. रोज 400 ग्रॅम लाख खाणाऱ्याच्या पोटात दोन ग्रॅम विष जाते. तीच लाख 25 ग्रॅम, भातावर वरण म्हणून खाणाऱ्याच्या पोटात एक अष्टमांश ग्रॅम जाते, म्हणजे सोळावा हिस्सा. शिवाय भाताबरोबर गंधकयुक्त अमिनो आम्ले येतात, भाजीबरोबर क जीवनसत्त्व येते, आणि इथिओपियातील अभ्यासांवरून दिसते की ही दोन्ही त्या विषाचा जोर कमी करतात. म्हणजे ज्याच्या ताटात दुसरे काही असते त्याला विष कमी मिळते, आणि जे मिळते तेही कमी बाधते. ज्याच्या ताटात दुसरे काही नसते त्याचे नुकसान दुहेरी आहे. त्यात निसर्गाचाही वाटा आहे: अवर्षणात वाढलेल्या लाखेत विषाचे प्रमाण चढते. दुष्काळाच्या वर्षी लाखच तेवढी उरते आणि त्याच वर्षीची लाख अधिक विषारी असते.

झाडीपट्टीत रेव्याच्या तोडीची साथ का आली नाही, याचे उत्तरही बहुधा याच हिशेबात आहे. येथे मजुरीचे माप धानाचे होते. सालगड्याला पायली-कुडवाने मिळाले ते अपुरे असेल, पण ते धान होते, आणि लाख त्याच्या जोडीला आली. हे मालकांच्या सद्‌भावनेमुळे झाले असे समजण्याचे कारण नाही. येथे धानच मुबलक होते, इतकेच.

आता कायद्याकडे वळू. नोव्हेंबर 1961 मध्ये केंद्र शासनाने अन्न-भेसळ प्रतिबंधक नियमांत लाखेच्या विक्रीला मनाई करणारे कलम घातले आणि अंमलाचा निर्णय राज्यांवर सोपविला. महाराष्ट्राने बंदी केली. जिथे रोग सर्वाधिक होता त्या मध्य प्रदेशाने, तसेच बिहार आणि पश्चिम बंगालने ती अमलात आणली नाही. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. रांगत जाणारी माणसे पाहिलेल्या डॉक्टरांनी ही मागणी केली होती आणि पुरोगामी चळवळीतील अनेकांनी तिला पाठिंबा दिला होता. पण या कायद्याची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. बंदी होती विक्रीला. पेरण्याला नव्हती आणि खाण्यालाही नव्हती. मजुरी म्हणून लाख मोजून देणे ही विक्री होते काय, या प्रश्नाकडे कायद्याने पाहिलेच नाही.

परिणाम काय झाला असेल ते सांगण्यास फार बुद्धी लागत नाही. पीक येतच राहिले, कारण त्या जमिनीत दुसरे येत नव्हते. उघड्या बाजारात ते नेता येईना, म्हणून शेतकऱ्याला दलालाच्या दाराशी जावे लागले आणि दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागला. जे विकले गेले नाही ते घरी खाल्ले गेले. जे विकले गेले ते राज्याच्या सीमेपलीकडे, जिथे विक्री चालत होती तिथे गेले, आणि त्यातले काही तूरडाळ किंवा बेसन हे नाव घेऊन पुन्हा इकडे आले. तूरडाळीत आणि बेसनात लाखेची भेसळ हा अन्न-तपासणीच्या पाठ्यपुस्तकांतला नेहमीचा धडा आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना गरम करावा, गुलाबी रंग आला तर लाख आहे असे समजावे, असे त्यात सांगितलेले असते. शहरातल्या भजी खाणाऱ्याचे या भेसळीने फारसे बिघडले नाही, कारण त्याच्या पोटात ती चमचाभरच गेली. कायद्याने रक्षण झाले ते मुख्यतः त्याचे, आणि त्याला तर त्या रोगाचा धोका जवळजवळ नव्हताच.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले, उपोषणे केली, स्वतः लाख खाऊन दाखविली. अखेर 2008 साली महाराष्ट्राने बंदी उठविली. मात्र 2011 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत लाखेच्या विक्रीवरचे निर्बंध पुन्हा आलेच, आणि 2016 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कमी विषाच्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना अनुकूलता दर्शविली. डॉ. कोठारींच्या सर्वच प्रतिपादनाशी सहमत होता येणार नाही. लाखेला संपूर्ण निर्दोष ठरविण्याचा उत्साह वापनियार्काच्या आठवणीपुढे टिकत नाही. पण बंदीने गरिबाचे भले झाले नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि त्याचा पुरावा बंदी नसलेल्या राज्यांनीच दिला आहे.

ज्या मध्य प्रदेशात बंदीचा अंमल झाला नाही, तिथेही हा रोग पुढे ओसरत गेला. बिहार आणि बंगालातही ओसरला. महाराष्ट्रात पोषण संस्थेने गोंदिया जिल्ह्यात केलेली पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. लोक लाख अजून खात होते, पण थोडी, भाताबरोबर, आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला होता. हे कशाने झाले? वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. सिंचन थोडे वाढले, रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागला, मजुरी रोख झाली. रोख मजुरी हातात आलेला मनुष्य पोटभर लाख विकत आणून खात नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला जे साधले नाही, ते हजेरीपत्रकाने साधले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रोजगार हमीचे हे श्रेय फारसे नोंदले जात नाही. ती कथा बहुधा वैद्यकाच्या बाजूने लिहिली जाते.

हा विजय पुरता मानण्याचे मात्र कारण नाही. 1961 साली, ज्या वर्षी लाखेवर बंदीचा नियम झाला त्या वर्षी, देशात दरडोई दररोज 69 ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. 2001 साली हा आकडा 30 ग्रॅमवर आला होता, आणि त्यानंतर तो काहीसा सुधारला तरी जुन्या पातळीला गेलेला नाही. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ वाढविला. डाळ कोरडवाहू शेतकऱ्याच्या नशिबावर सोडून दिली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्याचे दिवसाला 167 ग्रॅमही होत नाहीत, आणि त्यात डाळीचा उल्लेख नाही. गरिबाच्या ताटातली सर्वांत स्वस्त डाळ विषारी म्हणून वर्ज्य ठरविणाऱ्या राज्याने तिच्या जागी दुसरी डाळ ठेवण्याची जबाबदारी कधीच स्वीकारली नाही.

मित्रहो, आता याच चंद्रपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. झाडीपट्टी मागे टाकून पश्चिमेला वर्धा नदीच्या खोऱ्यात आले की धानाची बांधी संपते आणि कापूस, ज्वारी, तूर सुरू होते. जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी. घुग्गुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर येथील खाणी. गडचांदूर, उपरवाही, आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने. बल्लारपूरची कागद गिरणी. आणि 1983 पासून वीज देणारे, आज 2920 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण शेकडा 30 ते 40 असते, म्हणजे तीन गाड्या कोळसा जाळला की एक गाडी राख मागे उरते. तिच्यात अल्प प्रमाणात शिसे, आर्सेनिक, पारा आणि फ्लोरिन असते. अल्प प्रमाण या शब्दाने समाधान मानणाऱ्याने टनांचा गुणाकार करून पाहावा. खाणींच्या वाटेवरची कपाशी फुटते तेव्हा बोंडावर काळी पूड बसलेली असते आणि तिचा भाव व्यापारी त्याप्रमाणे पाडतो. शेतकऱ्याला प्रदूषणाची मोजणी प्रथम कळते ती अशी, क्विंटलमागे रुपयांत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील 88 औद्योगिक परिसरांचे गुणांकन केले. सत्तरहून अधिक गुण मिळाले की परिसर अतिप्रदूषित. असे 43 निघाले आणि त्यांत 83.88 गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथे आले. 2010 च्या जानेवारीत या परिसरांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यास स्थगिती मिळाली. कृती-आराखडे सादर झाले, स्थगिती काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उठली. 2018 च्या गुणांकनात चंद्रपूरचे गुण 76.41 होते, मंडळाच्याच मोजपट्टीने अतिप्रदूषितच. येथे दोन बंद्यांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. बांधीतल्या गरीब डाळीवरची बंदी जवळजवळ 47 वर्षे टिकली. चिमण्यांवरची स्थगिती, तीही जुन्या चिमण्यांवर नव्हे, नव्यांवर, काही वर्षांतच थकली. एका विषाला मागे उभा राहणारा कोणी नव्हता, दुसऱ्याच्या मागे वीज, सिमेंट आणि राज्याची तिजोरी उभी होती. विजेची गरज कोणीही नाकारीत नाही. तिचा दिवा मुंबई-पुण्यात लागतो आणि राख इरई नदीच्या काठी राहते, या वाटपाचा प्रश्न आहे.

तिसरे विष पाण्यातले आहे, आणि ते कोणी कारखानदाराने आणलेले नाही. राजुरा, कोरपना, वरोरा, भद्रावती या तालुक्यांतील अनेक गावांत भूगर्भातल्या पाण्यात फ्लोराइड आहे. 1972 च्या दुष्काळानंतर राज्यभर खोल विंधणविहिरी खणल्या गेल्या आणि हातपंप बसले. त्यांनी स्वच्छ पाणी दिले, पटकी-हगवणीपासून वाचविले, बायकांची पायपीट कमी केली; हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण उथळ विहिरीचे पाणी सोडून खोल खडकातले पाणी पिऊ लागलेल्या गावांत दात पिवळे-तपकिरी पडले, सांधे धरले, पाठी ताठल्या. शासनाची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा दीडचा आकडा दिवसाला दोन लिटर पाणी पिणारा मनुष्य डोळ्यांसमोर ठेवून काढलेला आहे, आणि हवामानाप्रमाणे तो बदलावा असे ती संघटनाच सांगते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात माती खणणारा मजूर सहा लिटर पाणी सहज पितो. दीडच्या मर्यादेतले, म्हणजे कायद्याने शुद्ध असलेले पाणी प्यायल्यास दोन लिटरवाल्याच्या पोटात तीन मिलिग्रॅम फ्लोराइड जाते आणि या मजुराच्या पोटात नऊ. मर्यादा आकड्यात लिहिलेली असते, पण तिच्या मागे कोणाचा तरी देह गृहीत धरलेला असतो. तो देह सावलीत बसलेल्या माणसाचा आहे.

येथेही लाखोळीचीच गोष्ट वेगळ्या वेषात परत येते. ज्याच्या आहारात दूध आहे, कॅल्शियम आहे, क जीवनसत्त्व आहे, त्याला तेवढेच फ्लोराइड कमी बाधते. शिशाचेही तसेच, लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचे आतडे शिसे अधिक शोषून घेते. 1973 साली आंध्रातील फ्लोराइडग्रस्त भागात ज्वारीवर जगणाऱ्या तरुणांचे गुडघे आत वळलेले पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी दाखवून दिले होते. त्याच संस्थेने पुढे असेही दाखविले की चिंच खाल्ल्याने लघवीवाटे फ्लोराइड अधिक बाहेर पडते. चिंच, आवळा, पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा, कॅल्शियमने समृद्ध असा तरोटा, हे सारे या भागात आहे. फ्लोराइडच्या गावाला नळाचे निर्धोक पाणी मिळालेच पाहिजे. ते मिळेपर्यंत अंगणवाडीच्या आहारात तरोटा आणि चिंच घालण्यास कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची गरज पडू नये. फ्लोराइड काढणारी यंत्रे मात्र निविदा काढून बसविली जातात आणि देखभालीअभावी बंद पडतात. तरोट्याची निविदा निघत नाही, हाच त्याचा दोष असावा.

विष धुऊन खाण्याची विद्या या जिल्ह्यांतील जंगलात फार जुनी आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया-गोंड वस्त्यांत लाखोळी फारशी नाही. तेथे कोसरी आहे, मोह आहे, बांबूचे कोंब आहेत आणि कडूकांदे आहेत. कडूकांदा कच्चा खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून टोपलीत घालतात, वाहत्या नाल्यात ठेवतात आणि मग शिजवतात. लाख गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर तिच्यातल्या विषाचा मोठा भाग निघून जातो, असे प्रयोगशाळेने सांगितले; नाल्यावरच्या टोपलीला हे तत्त्व आधीच ठाऊक होते. या विद्येला दोन गोष्टी लागतात: वाहता नाला आणि सरपण. रेव्याच्या मजुराजवळ दोन्ही नव्हती. पाणी फेकून देण्याचा सल्ला त्याला देणारे तज्ज्ञ, ते पाणी किती दुरून आणावे लागते हे विचारीत नव्हते.

जंगलच कमी झाले तर काय होते, हेही याच भागाने पाहिले आहे. 1974 साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र जंगल तोडून सागाची एकसारखी लागवड सुरू झाली. साग म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे महसूल. पण सागाच्या खाली मोह वेचता येत नाही, तेंदूचे फळ, चारोळी, कंद मिळत नाहीत. वनखात्याच्या हिशेबात जंगल वाढले आणि ताटातले पदार्थ कमी झाले. रानभाजी, फळ, मासा, कंद ताटातून गेले की उरते ते रेशनचे पांढरे धान्य, आणि एकाच धान्यावर जगणारा देह कोणत्याही विषाला सोपा असतो. गडचिरोली आणि चंद्रपूरचे मजूर उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरचीच्या तोडणीला तेलंगणात जातात, ते या रिकाम्या झालेल्या ताटामुळेच. मिरचीवर कीटकनाशकांची फवारणी किती होते ते सर्वांना ठाऊक आहे. आणि शेजारच्या यवतमाळात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हेही विसरता येण्यासारखे नाही.

या पार्श्वभूमीवर गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखाला 2009 साली आणि पाचगावला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आले. तेंदूपत्ता हे या सर्व भागातले उन्हाळ्यातले हमखास रोख उत्पन्न. पाचगावच्या ग्रामसभेने तो तोडायचा नाही असे ठरविले. पत्त्यासाठी झाडाच्या फांद्या छाटल्या जातात, जंगलात आग लावली जाते, आणि मग तेंदूला फळ धरत नाही; शिवाय त्या पानाची विडीच होते. रोख रकमेपेक्षा फळ मोलाचे, असा हिशेब एका भूमिहीनांच्या गावाने केला. हा त्याग नव्हे. बांबूची मजुरी गावातच मिळू लागली, म्हणून ते फळाची किंमत फळातच मोजू शकले. ज्याच्या घरी उद्याचे तांदूळ नाहीत त्याला हा हिशेब करता येत नाही, आणि त्याने तो केला नाही म्हणून त्याला उपदेश करण्याचा अधिकारही कोणाला नाही.

लाखोळीचा प्रश्न आता पुन्हा उभा राहत आहे तो नव्या वाणांच्या रूपाने. रतन, प्रतीक, महातिवडा यांत विषाचे प्रमाण शेकडा एक दशांशाहूनही कमी आहे, म्हणजे देशी वाणाच्या कितीतरी खाली. हे काम निःसंशय मोलाचे आहे. पण लाखेच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या बांधीतले देशी पराग घेऊन येतात. काही हंगामांत नव्या वाणाचे विष पुन्हा चढू शकते. बी दर तीन-चार वर्षांनी बदलावे लागेल. ते बी उतेरा करणाऱ्या शेतकऱ्याला कोण देणार, कोणत्या भावाने देणार आणि बाजारात आलेल्या पोत्यात कोणती लाख आहे हे कोण तपासणार? जिल्ह्याच्या ठिकाणी ती तपासणी होत नसेल, तर कमी विषाचे प्रमाणपत्र छापील पिशवीतल्या डाळीला मिळेल आणि शेतकऱ्याची खुली लाख पूर्वीप्रमाणेच दलालाच्या दाराशी जाईल. उलट बियाण्याचा पुरवठा, तालुक्याला एक तपासणी केंद्र आणि शासनाची हमीभावाने खरेदी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर ही डाळ याच जिल्ह्यांतील रेशन दुकानांत आणि आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांत जाऊ शकते, मर्यादित मापाने, भाताच्या जोडीला. माप किती, हे पोषण संस्थेने सांगावे. भाताची जोडी कायम राहील की नाही, हे मजुरीच्या दरावर आणि रोजगार हमीची कामे मार्च ते जून या काळात निघतात की नाही यावर अवलंबून आहे. धान संपलेले असते, लाख घरात असते आणि काम नसते, असे वर्षातले नेमके तेच महिने आहेत.